एकशे सतरा नंबरचा पत्ता

लग्न होऊन पिंपळनेरला आले तेव्हा माझ्याजवळ धुळ्याच्या तंत्रनिकेतनातली कॉम्प्युटरची पदविका होती आणि ती कुठे वापरायची हे मला माहीत नव्हतं. सहा महिने घरीच होते. मग बाजारपेठेत इंटरनेट पुरवणाऱ्या एका माणसाला ऑफिसात बसायला कोणीतरी हवंय असं कळलं. त्याला सगळं गाव भाऊ म्हणायचं, म्हणून मीही भाऊच म्हणायला लागले. भाऊ पूर्वी केबल टीव्हीची वायर ओढायचे. डिश आली, केबलचा धंदा बसला, तशी त्यांनी त्याच खांबांवरून फायबर ओढली आणि इंटरनेट विकायला सुरुवात केली. खांबावर चढणं, वायर जोडणं, गिऱ्हाइकाच्या घरात जाऊन चहा पिणं यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण ऑफिसातल्या काळ्या राउटरसमोर ते जरा बिचकून उभे राहायचे. तो राउटर त्यांनी माझ्याकडे सोपवला आणि पहिल्याच दिवशी सांगितलं, ‘ताई, याच्यातलं मला निम्मंच कळतं. बाकीचं निम्मं तुम्ही शिकून घ्या.’

मी शिकले. पहिली गोष्ट शिकले ती पत्त्यांची. इंटरनेटवर जे कोणी असतं त्याला आकड्यांचा एक पत्ता लागतो, आयपी म्हणतात तो. भाऊ नाशिकच्या एका मोठ्या कंपनीकडून इंटरनेट घाऊक घ्यायचे. ती कंपनी त्यांना एकूण आठ पत्ते द्यायची. त्यातले तीन यंत्रणेतच खर्ची पडायचे, उरायचे पाच. गावातली गिऱ्हाइकं तर कितीतरी पट. म्हणून एक पत्ता सगळ्या गावाला मिळून, आणि उरलेले चार, ज्यांना स्वतःचा कायमचा पत्ता हवा त्यांना वर्षाचे वेगळे पैसे घेऊन. एकशे चौदापासून एकशे अठरापर्यंत त्यांचे शेवटचे आकडे होते. मी ते एका कागदावर लिहून राउटरच्या वर चिकटवले होते.

एक दवाखाना, एक पतसंस्था, एक दूध संकलन केंद्र असे तीन पत्ते गेले होते. चौथ्यासाठी शेठजी आले.

शेठजींचं भाताचं आणि मक्याचं दुकान होतं. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले होते. शेठजी मात्र पिंपळनेरमध्येच जन्मले, गिऱ्हाइकांशी अहिराणीत बोलायचे, आमच्याशी मराठीत आणि घरी मारवाडीत. मुलाने धुळ्याला ऑफिस उघडलं होतं. दुकानातल्या कॉम्प्युटरवर सगळा स्टॉक आणि बिलं असायची आणि मुलाला धुळ्यात बसून ती उघडायची होती. त्यासाठी दुकानाला कायमचा पत्ता लागणार होता. भाऊंनी वर्षाचा आकडा सांगितला तसे शेठजी खुर्चीत मागे रेलले.

‘महिन्याचं बिल देतो ते कशाचं?’

‘ते लाइनचं.’

‘मग हे? घर भाड्याने दिल्यावर घर नंबराचे वेगळे पैसे कोण घेतं?’

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी समजावून सांगायला लागले आणि चार वाक्यांतच माझं मलाच कळेना. तेव्हा भाऊ म्हणाले की वरच्या पाड्यांवरच्या लोकांची टपालं कशी येतात बघा. पाड्यावर पोस्टमन जात नाही, सगळ्यांची पत्रं आश्रमशाळेच्या पत्त्यावर येतात. कुणाचं कुठलं ते शाळेचा शिपाई वाटतो. गावातल्या इंटरनेटचं तसंच आहे. बठ्ठा गावले एकच पत्ता शे, सगळ्या गावाला मिळून एकच. आमचा राउटर तो शिपाई. आता तुमच्या मुलाला धुळ्याहून थेट तुमच्या दुकानात यायचं असेल तर शाळेच्या पत्त्यावर येऊन चालणार नाही, दुकानाला स्वतःचा पत्ता लागेल. आणि तसे पत्ते नाशिकहून मोजून चारच येतात, त्याचे पैसे नाशिकवाले आमच्याकडून घेतात.

शेठजींना हे पटलं. पैशांवरून पुढे ते एक शब्द बोलले नाहीत, पण पत्ता कोणता मिळणार हे मात्र त्यांनी विचारलं. मी राउटरवरचा कागद दाखवला. एकशे अठरा मोकळा होता. त्यांनी आकड्यांवर बोट ठेवून बेरजा केल्या आणि म्हणाले, एकशे सतराची बेरीज नऊ येते, तो द्या. एकशे सतरा दूध केंद्राकडे होता. भाऊ दुसऱ्या दिवशी दूध केंद्रात गेले, तिथल्या माणसाला काय सांगितलं देव जाणे, आणि दोघांची अदलाबदल करून आले. ‘कायमचा म्हणजे कायमचा,’ असं त्यांनी शेठजींना सांगितलं. ‘मी हात लावणार नाही.’

तीन वर्षं खरंच कोणी हात लावला नाही.

चौथ्या वर्षी, पावसाळ्याच्या तोंडावर, नर्सिंगच्या प्रवेशाचे फॉर्म भरायचे दिवस होते. फॉर्म इंटरनेटवरच भरायचे. त्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास आमच्या ऑफिसच्या काचेच्या दारातून एक बाई आत आल्या. पश्चिमेकडच्या एका आश्रमशाळेत त्या शिकवायच्या. आदल्या दिवशी त्या बावीस मुलींना दोन जीपमध्ये घेऊन पिंपळनेरला आल्या होत्या. एसटी स्टँडजवळच्या नेट कॅफेत सात मुलींचे फॉर्म भरून झाले आणि मग पडद्यावर एक सूचना यायला लागली. मुलींना त्यांनी रात्री ओळखीच्या एका वसतिगृहात ठेवलं. सकाळीही तीच सूचना. त्यांनी ती कागदावर शब्दन् शब्द उतरवून आणली होती. अर्थ असा की या पत्त्यावरून फार विनंत्या आल्या आहेत, चोवीस तासांनी प्रयत्न करा.

फॉर्मची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी सहाला संपत होती.

बाई आवाज चढवून बोलल्या नाहीत. त्या नुसत्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, ‘कॅफेवाला म्हणतो अडचण तुमच्याकडून आहे. मुली म्हणतात आमचं काय चुकलं.’

चूक कोणाचीच नव्हती. कॅफेत फॉर्म भरले जात होते, घराघरांत भरले जात होते, आणि त्या संकेतस्थळाला मात्र हे सगळे एकाच पत्त्यावरून आलेले दिसत होते. एकच माणूस सारखा दार वाजवतोय असं समजून त्याने दार लावून घेतलं होतं. मोबाईलवरून करून बघितलं का, असं मी विचारलं. दोन फॉर्म तसे सुरू केले होते म्हणे, पण दाखल्यांचे फोटो चढेचनात. चाक फिरत राही आणि शेवटी सगळं पुन्हा कोरं.

भाऊंनी नाशिकला फोन लावला. नवा पत्ता मिळेल, पण अर्ज करावा लागेल, चार कामाचे दिवस लागतील, असं उत्तर आलं. भाऊंनी फोन ठेवला आणि राउटरवरच्या कागदाकडे बघत उभे राहिले. दवाखान्याचा पत्ता काढता येणार नव्हता, तिथून तपासण्यांचे अहवाल जायचे. पतसंस्थेला वरिष्ठांची लेखी परवानगी लागली असती. दूध केंद्रात चारपासून कॅन यायला लागायचे आणि काट्यावरचा आकडा तिथल्या तिथे इंटरनेटवरून पुढे जायचा.

‘एकशे सतरा,’ मी म्हटलं.

भाऊंनी मान हलवली. त्यांना ते माझ्याआधीच सुचलेलं असणार. पण त्यांनी शब्द दिला होता आणि ज्याला शब्द दिला त्याच्याकडे तोच शब्द परत मागायला जायचं त्यांच्या फार जिवावर आलं होतं. ते दोनदा चप्पल घालून दोनदा थांबले. शेवटी बाईच उठल्या आणि म्हणाल्या की मी येते सोबत. मग मीही निघाले.

दुकानात मक्याची पोती उतरत होती. शेठजी गादीवर बसले होते. भाऊंनी सांगायला सुरुवात केली आणि अहिराणीत शिरले. पोरीस्नं काम शे, शेठजी, आज संध्याकाळपर्यंतच. असं म्हणून पुढे काय मागायचं तेच त्यांना सांगता येईना. ते मी सांगितलं. तुमचा पत्ता सहा वाजेपर्यंत कॅफेला द्यायचा, तोवर धुळ्याहून दुकानाचा कॉम्प्युटर उघडणार नाही, सहा वाजता पत्ता परत.

शेठजींनी मुलाला फोन केला. बोलणं मारवाडीत झालं. पलीकडून मुलगा बराच वेळ बोलत होता. नंतर आम्हाला कळलं की त्या दिवशी धुळ्यात त्याच्याकडे तीन ट्रक भरायचे होते आणि बिलं इथल्या कॉम्प्युटरवर होती. शेठजींनी सगळं ऐकून घेतलं, एकच वाक्य बोलले आणि फोन खाली ठेवला. मग त्यांनी बाईंना विचारलं की किती मुली राहिल्यात. पंधरा. एका फॉर्मला किती वेळ? वीस मिनिटं. कॅफेत कॉम्प्युटर किती? सहा.

मला वाटलं ते आता हो म्हणतील. पण ते काहीतरी मनात मोजत होते.

‘बेटा,’ ते मला म्हणाले, ‘सहा जणींनी एकदम दार वाजवलं तर माझाही पत्ता बंद पडेल ना?’

आमच्या तिघांच्याही हे डोक्यात आलं नव्हतं. मी हो म्हटलं. पडेल.

‘मग दोनच लावा. आणि एकीचं झालं की पाच मिनिटं थांबा. काट्यावर गाड्या लागतात तशा. मी येतो.’

ते खरंच आले. गादीवर मुनिमाला बसवून, छत्री घेऊन, चालत. मी ऑफिसात परत गेले, कारण राउटरमध्ये बदल मला करायचा होता. चालू लाइनवर एवढा मोठा बदल मी त्याआधी कधी केला नव्हता. एका ओळीत मी एकशे सतराच्या जागी एकशे चौदा लिहिलं आणि एंटर मारलं. एकशे चौदा म्हणजे गावाचा पत्ता. सगळं पिंपळनेर बंद पडलं. एका मिनिटात दोन्ही फोन वाजायला लागले. भाऊ माझ्यामागे उभे होते. माझी ओळ त्यांना दिसली असणार. एक फोन उचलून ते कोणाला तरी सांगत होते की हो हो, आत्ता येतंय, काम चालू आहे, जेवून घ्या तोवर. मी ओळ दुरुस्त केली. गाव परत सुरू झालं. तीन मिनिटांचाच प्रकार होता. भाऊंनी माठातलं पाणी आणून दिलं आणि म्हणाले, ‘मी पहिल्या दिवशी अख्ख्या गावाची वायर कापली होती.’ ते खरं होतं का हे मी कधी विचारलं नाही.

अडीचच्या सुमारास कॅफेत पहिला फॉर्म उघडला.

काम चालू झाल्यावर मीही तिथे गेले. बारीकशी खोली, भिंतीकडे तोंड करून सहा कॉम्प्युटर, त्यातले दोनच सुरू. कॅफेवाल्याने कुरकुर केली नाही, उलट बाकीची गिऱ्हाइकं त्याने स्वतःच उद्यावर घातली. मुली बाहेर ओट्यावर मांडीवर दाखल्यांच्या पिशव्या घेऊन बसल्या होत्या. शेठजी दाराजवळच्या स्टुलावर, हातात घड्याळ. एकीचं संपलं की ते हात वर करायचे, पाच मिनिटं मोजायचे, हात खाली करायचे आणि पुढची आत जायची. मधल्या पाच मिनिटांत ते पुढच्या मुलीला विचारायचे, फोटो आहे? गुणपत्रक आहे? दाखला आहे? सही केली? असं बाहेरच सगळं तपासून घेतल्यामुळे आत वेळ कमी लागायला लागला. मुली आधी त्यांना दबून होत्या. मग एकीने त्यांना विचारलं की बाबा, तुम्ही इथले साहेब का? ते म्हणाले की नाही, माझं भाताचं दुकान आहे. तिला ते खोटं वाटलं असावं.

चारला वीज गेली. कॅफेची बॅटरी जुनी होती, दहा मिनिटांत दोन्ही कॉम्प्युटर मान टाकणार हे दिसत होतं. भाऊंनी आमच्या ऑफिसची बॅटरी मोटारसायकलवर, दोन पायांमध्ये धरून आणली आणि वीज परत येईपर्यंतच्या चाळीस मिनिटांत एकही फॉर्म अर्धवट राहिला नाही. ऑफिसातल्या राउटरला तोवर दुसऱ्या छोट्या बॅटरीचा आधार होता. ती किती वेळ टिकेल याचा विचार करत मी घड्याळ बघत होते. शेठजीही घड्याळ बघत होते, पण ते त्यांची पाच मिनिटं मोजत होते.

सहाला वीस मिनिटं असताना चौदावी मुलगी बाहेर आली.

पंधरावीचा फॉर्म गेला नाही. तिच्या गुणपत्रकावर एक आडनाव होतं आणि जातीच्या दाखल्यावर दुसरं. संकेतस्थळ दोन्ही नावं जुळवून बघत होतं आणि परत परत लाल रेघ दाखवत होतं. बाईंनी तीन प्रकारांनी भरून बघितलं. मीही बघितलं. शेठजी आत येऊन खुर्चीमागे उभे राहिले, पण ते तरी काय करणार. पत्ता बरोबर होता, लाइन बरोबर होती, चूक कोणत्यातरी टेबलावर काही वर्षांपूर्वी कोणीतरी केली होती. सहा वाजले आणि पान बंद झालं. ती मुलगी रडली नाही. तिने सगळे कागद एकसारखे करून पिशवीत ठेवले, पिशवीला गाठ मारली आणि ओट्यावर मैत्रिणींजवळ जाऊन बसली. बाई तिच्याशेजारी बसल्या. दाखला दुरुस्त करून घेऊ, पुढच्या वर्षी आपण पहिल्या दिवशी येऊ, असं त्या तिला हळू आवाजात सांगत होत्या.

शेठजींनी समोरच्या गाडीवरून सगळ्यांसाठी भेळ मागवली. खाताना मुली परत बोलायला लागल्या. जीपवाला घाई करत होता, त्यालाही एक पुडी मिळाली. मी ऑफिसात जाऊन एकशे सतरा दुकानाला परत जोडला. या वेळी प्रत्येक आकडा तोंडाने म्हणत.

आठ दिवसांनी शेठजी ऑफिसात आले. मला वाटलं बिलाचं काही असेल. ते म्हणाले की दुकानात काहीही उघडायला गेलं की कॉम्प्युटर मला विचारतो, तू माणूस आहेस का. चित्रं दाखवतो आणि म्हणतो सिग्नल ओळख. ‘पिंपळनेरमध्ये सिग्नल आहे का एक तरी? मी कुठून ओळखू?’

मला हसू आवरेना. एका दुपारी एकाच पत्त्यावरून इतके फॉर्म गेल्यामुळे कुठल्यातरी पहारेकरी यंत्राने एकशे सतरावर संशय घेतला होता. थोड्या दिवसांत निवळेल असं मी सांगितलं. निवळायला दोन आठवडे लागले. तोवर धुळ्याचा मुलगा रोज फोनवरून बापाला सिग्नल आणि बस ओळखायला शिकवत होता. भाऊंना फारच अपराधी वाटलं. या वर्षीचे पत्त्याचे पैसे घेणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. शेठजींनी ते ऐकून घेतलं आणि पूर्ण वर्षाचा चेक टेबलावर ठेवला. म्हणाले, ‘पैसे भरले म्हणून तर तो माझा होता. माझा होता म्हणून मला देता आला.’ भाऊंनी चहा सांगितला.

त्यानंतर वर्षभराच्या आतच शेठजींच्या मुलाने दुकानाचे सगळे व्यवहार भाड्याच्या दूरच्या कॉम्प्युटरवर नेले. आता कुठूनही उघडता यायचं, दुकानाला स्वतःचा पत्ता असण्याची गरज उरली नाही. फोनवर सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण शेठजी स्वतः आले. लेखी अर्ज आणला होता. एकशे सतरा आता नको, आजपर्यंत काही तक्रार नव्हती, असं खाली लिहिलं होतं. जाताना त्यांनी मला विचारलं की पत्ता आता कोणाला देणार. मी म्हटलं की रक्त तपासणीची नवी लॅब निघालीय, त्यांनी मागून ठेवलाय.

पण भाऊंनी तो लॅबला दिला नाही. एक महिना गेला, दुसरा गेला. लॅबवाला दर सोमवारी यायचा. वर्षाचे पैसे आगाऊ द्यायला तयार होता, आणि त्या दिवसांत भाऊंना पैसे नको होते असं मुळीच नाही, नवी वायर घ्यायची होती. एका सोमवारी लॅबवाल्याने वैतागून विचारलं की तुमच्याकडे एक पत्ता रिकामा आहे ना?

‘तो गेला,’ भाऊ म्हणाले.

‘कोणाला?’

भाऊ कागद चाळायला लागले. शेवटी मीच सांगितलं की नेट कॅफेला, फॉर्मच्या दिवसांसाठी. त्याने विचारलं की कॅफेवाला किती देतो. भाऊ म्हणाले की काही नाही.

लॅबवाल्याला आणखी दोन महिने थांबावं लागलं. मग नाशिकहून आणखी आठ पत्ते आले. त्यांचं बिल आधीच्या दुप्पट होतं आणि भाऊ त्यावरून पूर्ण पावसाळाभर नाशिकवाल्यांना नावं ठेवत राहिले.